सौरशीड: ज्वारीच्या दाण्याएवढा रेटा कोणत्या कामाचा?

तापीकाठ
जळगाव-धुळ्याच्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी छोट्या उपग्रहाचा प्रकल्प हाती घ्यायचा, तर सौरशीडच घ्यावं, आयन इंजिन (वायूचे भारित कण विजेने मागे फेकून रेटा देणारं) नको. टाकी नाही, नळ्या नाहीत. प्रकाश चकचकीत पडद्यावर आपटून परततो, त्याचा रेटा पृथ्वीपाशी दर चौरस मीटरला जेमतेम 9 मायक्रोन्यूटन. 2019 मधल्या लाइटसेल-2 या सौरशीडाच्या यानाचं शीड 32 चौरस मीटर होतं, म्हणजे एकूण रेटा ज्वारीच्या एका दाण्याच्या वजनाइतका. पण यान 5 किलोचं, आणि हा दाणा रात्रंदिवस ढकलतो. सूर्याभोवतीच्या कक्षेत असं यान वर्षात सेकंदाला जवळपास 1.8 किलोमीटर वेग कमावेल.

सातपुडा४५
भाऊ, रात्रंदिवस हे सूर्याभोवती खरं, पृथ्वीभोवती नाही. इथे अर्धी फेरी यान सूर्याकडे जातं, तेव्हा शिडाची फक्त कड सूर्याकडे करून प्रकाश चुकवायचा. उरलेल्या अर्ध्या फेरीत समोर धरायचं. म्हणजे साधारण दर 100 मिनिटांत दोनदा 90 अंश वळवणं आलं. त्यात हवेचा विरोध. लाइटसेल-2 720 किलोमीटरवर होतं, तरी नोव्हेंबर 2022 मध्ये खाली आलंच. पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यावर उपकरण पाठवायचं म्हटलं, तर तो टप्पा अलीकडे 350 किलोमीटरपर्यंत खाली आणतात. तिथे शीड ढकलणार नाही, ब्रेक लावेल.
नासाच्या डॉन यानाचं आयन इंजिन 90 मिलिन्यूटन द्यायचं. तेवढ्यासाठी शीड लागेल एक हेक्टर, अडीच एकर केळीच्या बागेएवढं. जपानच्या इकारोसचं 2010 चं शीड 200 चौरस मीटरही नव्हतं.

नवखा_चोपडा
शीड सौरवाऱ्याने फुगतं ना?

सातपुडा४५
नाही. सौरवारा म्हणजे भारित कण. त्यांचा दाब प्रकाशाच्या हजारपटीहून कमी.

केळीबाग
सातपुडा, हिशेब पुरा करा. डॉनने आयन इंजिनसाठी 425 किलो झेनॉन वायू नेला होता. अडीच मायक्रॉन जाडीचा एक हेक्टर पडदा 35 किलोच्या आसपास भरतो. अडचण पडद्याची नाहीच, तो ताणून धरणाऱ्या दांड्यांची आहे: मधून कोपऱ्यापर्यंत प्रत्येकी 70 मीटर.
हे दांडे मोजपट्टीसारखे चपटे करून रिळावर गुंडाळतात. मोटर रीळ सोडते, पण टोक तितक्या वेगाने पुढे सरकलं नाही तर गुंडाळी आतच फुलते आणि अडकते. नासाच्या एसीएस-3 या शिडाच्या यानाचे दांडे फक्त 7 मीटरचे, कार्बन तंतूंचे. ऑगस्ट 2024 मध्ये शीड उघडलं, तरी एक दांडा किंचित वाकला. घड्यांत अडकलेली हवा निर्वातात पडदा फुगवून फाडू शकते, म्हणून ती निघून जायला वाट ठेवावी लागते. इकारोसने दांडे वापरलेच नाहीत. चारही कोपऱ्यांना अर्धा-अर्धा किलोची वजनं आणि यान गरगर फिरवलं.
दुसरं दुखणं तोल. रेट्याचा मध्य आणि वजनाचा मध्य यांत एक सेंटिमीटर फरक असला, तरी लाइटसेलएवढ्या शिडाचं 15 मिलिन्यूटन-मीटर-सेकंदाचं चाक (यानाची दिशा धरणारं फिरतं चाक) दीड तासात भरतं, म्हणजे कमाल वेगाला पोचतं. मग दिशा हातात राहत नाही.

तापीकाठ
म्हणूनच शिकायचं! इन्सॅट-1 उपग्रहांच्या मालिकेत सौरपंखा (वीज बनवणारा पॅनेल) एकाच बाजूला होता, त्याचा तोल सांभाळायला दुसऱ्या बाजूला शीड दिलं होतं. 1982 च्या इन्सॅट-1ए चं उघडलंच नाही. सूर्यावर नजर ठेवणारं आदित्य-एल1 आज पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने 15 लाख किलोमीटरवर, एल1 या तोलबिंदूपाशी आहे. सेकंदाला 500 किलोमीटर वेगाचं सौरवादळ तिथून 50 मिनिटांत पृथ्वीवर. शीड असलेलं यान 30 लाखांवर उभं राहू शकतं, तेही इंधन न जाळता. सौरवादळाने वीजवाहिन्या बिघडू शकतात, म्हणून वीज मंडळाला ती जादा 50 मिनिटं हवीच आहेत.

सातपुडा४५
एल1 च्या पलीकडे शीड हवं, हे मान्य. पण मुलांच्या पहिल्या प्रकल्पासाठी मी ब्रेकचं शीडच सुचवेन: 4 चौरस मीटर, मोडीत निघालेला उपग्रह खाली आणायला. नासाच्या नॅनोसेल-डी2 या छोट्या उपग्रहाचं 10 चौरस मीटरचं शीड 240 दिवस टिकून वातावरणात जळालं.

केळीबाग
तेही आधी जमिनीवर उघडून बघा, आणि बंद खोलीत. एप्रिलच्या कोरड्या हवेत मायलरवर (पडद्याच्या पातळ प्लास्टिकवर) स्थिर वीज साठते, जिनिंगजवळ असाल तर कापसाचे तंतू चिकटतात. ते घडीत राहिले की उघडताना पडदा तिथूनच फाटतो.