शब्दचर्चा : फुला, फुलानी, पुल्लो, फुल्बे

प्रश्न : पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या एका समाजावरच्या मजकुराचा अनुवाद करायचा आहे. फुला, फुलानी, फुल्बे, पेउल असे चार शब्द भेटतात. ‘फुला’ घेतला तर ‘फुलांचा इतिहास’ होतो आणि वाचक बागेत शिरतो. मराठीत कोणता शब्द धरावा?

उत्तर : चारही नावं एकाच समाजाची, हाक मारणारे तेवढे वेगळे. ‘फुला’ शेजारच्या मांदिंका लोकांचा, ‘फुलानी’ हौसा लोकांचा आणि ‘पेउल’ फ्रेंचांनी वोलोफ भाषेतून उचललेला. ते स्वतः एका माणसाला ‘पुल्लो’ आणि अनेकांना ‘फुल्बे’ म्हणतात. त्या भाषेत वचन बदललं की शब्दाचं पहिलं व्यंजनही बदलतं, म्हणून प चा फ झाला. ‘एक फुल्बे गुलाम’ हे ‘एक माणसं’ म्हणण्यासारखं होईल. सलग मजकुरात ‘फुलानी’ धरा. फुलानींचा, फुलानींना, फुलानी वंशाचे अमेरिकन, सगळं सरळ चालतं. ‘पुल्लो’ आणि ‘फुल्बे’ पहिल्या उल्लेखात एकदा समजावून सांगितले की पुरे.

समाजाच्या नावापेक्षा आडनावांत जास्त चुका होतात. जालो, बा, सो आणि बारी ही फुलानींची चार मोठी आडनावं. त्यांतलं जालो गिनी-सेनेगलकडे फ्रेंच वळणाने (Diallo) लिहितात, ते वाचून मराठीत ‘डायलो’ होतं. गॅम्बिया आणि सिएरा लिओनमध्ये त्याचंच स्पेलिंग इंग्रजी वळणाचं (Jallow, Jalloh). दस्तऐवज शोधताना तिन्ही रूपं तपासा, नाहीतर एकच घराणं तीन वाटतं. यातला ज ‘जीव’मधला, ‘जाळं’मधला नव्हे.

आजच्या सेनेगलमधल्या बुंदूच्या अयुबा सुलेमान जालोला १७३१ मध्ये गॅम्बिया नदीकाठी पकडून मेरीलँडच्या तंबाखूच्या मळ्यात विकलं. १७३३ मध्ये तो इंग्लंडला पोचला, १७३४ मध्ये मायदेशी परतला. असं परतणं फार थोड्यांच्या नशिबी होतं. इंग्रजांनी त्याला ‘जोब बेन सॉलोमन’ केलं : अयुबा म्हणजे जोब, सुलेमान म्हणजे सॉलोमन, बेन म्हणजे मुलगा. नावाचं भाषांतर झालं आणि ज्यावरून कूळ कळतं ते आडनाव गळून गेलं. म्हणून अनुवादात मूळ नाव आधी आणि ‘जोब’ नंतर द्यावं. १९९९ मध्ये ब्राँक्समध्ये पोलिसांनी ४१ गोळ्या झाडून मारलेला नि:शस्त्र तरुण अमादू जालो, त्याचंही आडनाव हेच. मराठीत ‘डायलो’ लिहिलं की या दोघांमधला धागा तुटतो.

प्रश्न : अब्दुल रहमान या फुलानी गुलामाला मूळ मजकुरात सगळीकडे ‘प्रिन्स’ म्हटलंय. ‘राजपुत्र’ चालेल?

उत्तर : अर्धंच चालेल. त्याचे वडील इब्राहिमा सोरी हे आजच्या गिनीतल्या फूता जालोन राज्याचे अल्मामी. हा शब्द अरबी ‘अल-इमाम’वरून आला, त्यात राज्य आणि धर्म दोन्हींचं पुढारपण येतं. ‘अल्मामींचा मुलगा’ लिहा. मिसिसिपीतल्या नॅचेझला १७८८ पासून १८२८ पर्यंत, चाळीस वर्षं, ‘प्रिन्स’ हे त्याचं हाक मारायचं नाव होतं. तिथे ते विशेषनाम म्हणून तसंच ठेवा. सुटका झाल्यावर तो लायबेरियापर्यंत पोचला, पण १८२९ मध्ये तिथेच वारला. फूता जालोनची राजधानी तिंबो गाठणं झालं नाही.

प्रश्न : शेवटचा शब्द, ‘सराका’. जॉर्जियातल्या सापेलो बेटावरचा गोड पदार्थ. ‘अनारसा’ म्हणू?

उत्तर : नको. हा शब्द अरबी ‘सदका’चा, म्हणजे स्वखुशीच्या दानाचा. पश्चिम आफ्रिकेतून फिरताना द चा र झाला. (त्याचीच सक्तीची बहीण ‘जकात’ आपल्याकडे नाक्यावर येऊन बसली आणि दानाचा अर्थ हरवून बसली.) बेटावर हा शब्द टिकवला तो तिंबोचा बिलाली नावाचा गुलाम, त्याच्या मुलींनी. त्यांच्या वंशजांनी १९३० च्या दशकात सांगितलेली कृती अशी : तांदूळ धुऊन सगळं पाणी ओतून टाकायचं, ओले तांदूळ रात्रभर ठेवायचे, सकाळी फुगले की लाकडी उखळात मुसळाने कांडून लगदा करायचा, मध किंवा कधी साखर घालून हातावर चपटे थापायचे. इथे ‘भिजत घालून’ लिहिलंत तर चूक होईल, कारण तांदूळ निथळलेले असतात. अनारशाचे तांदूळ तीन दिवस पाण्यात असतात, त्यामुळे ती तुलनाही जुळत नाही. दुसऱ्या घरी उकळत्या पाण्यात पीठ घालून लगेच काढायचे आणि मधात मळायचे. हे दर महिन्याच्या पहिल्या दिवशी व्हायचं. आजी मोठ्या सुपातून प्रत्येक मुलाला एकेक द्यायची, सगळे टेबलाभोवती उभे राहायचे, ती तीनदा ‘आमीन’ म्हणायची आणि मग खायचं.

‘सराका’ तसाच ठेवा, पहिल्यांदा ‘दानाचा चपटा लाडू’ एवढं जोडून. ज्यातून आजी सराका वाटायची त्या ‘फॅनर’ला मात्र बेधडक ‘सूप’ म्हणा. भात पाखडायचीच ती टोपली.