उद्या सगळं बंद पडलं तर? हाताला येणारं एक काम सांगा

भाच्यानं ऑनलाइन 'सर्व्हायव्हल किट' मागवलं. चकमकीचा दांडा, शिट्टी, घडीचा चाकू, चांदीसारखी चकाकणारी पांघरायची पन्नी. समाज कोसळला तर लागेल, असं त्याचं म्हणणं. आमच्या आईनं पिशवी उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "यात मीठ कुठंय?" बहात्तरचा दुष्काळ तिनं खडी फोडून काढलाय. पुढं कुणी बोललं नाही.

प्रश्न मात्र डोक्यात राहिला. वीज नाही, मोबाइल नाही, दुकान नाही, टँकर नाही. अशा वेळी तुमच्या हाताला नेमकं काय येतं? अट एकच: स्वतः केलेलं किंवा घरात डोळ्यांनी पाहिलेलंच लिहा. व्हिडिओ बघून झालेले तज्ज्ञ आमच्या घरात भरपूर आहेत. मी संभाजीनगरात तिसऱ्या मजल्यावर राहते. नळाची वाट बघण्यात आणि पाणी भरून ठेवण्यात पदवीधर, बाकी शून्य.

लातूर

ताई, मग पाण्यापासूनच सुरू करू. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, जवळपास 5 लाख लिटर. शहराची वस्ती चार लाखांच्या घरात. भागाकार तुम्हीच करा. लोक गाडीबरोबर फोटो काढत होते आणि माझी आई घरी भांडी राखेनं घासून कोरड्या फडक्यानं पुसत होती.

मी बोअरच्या मोटारी बसवतो-काढतो. आमच्याकडं बोअर सातशे-आठशे फूट गेलेत. वीज गेली की ते पाणी असून नसल्यासारखं, कारण साधा हापसा दीडशे फुटांच्या आसपासच ओढतो. त्याखालचं पाणी माणसाच्या हाताचं नाही. म्हणून सांगतो, आड बुजवू नका. आमच्या गल्लीत एकानं बुजवून वर संडास बांधला, आता काय बोलायचं.

मला येणारं काम म्हणजे हापशाचा वायसर बदलणं. वायसर वाटीएवढा, पण त्यासाठी आतल्या दांड्या एकेक करून वर घ्याव्या लागतात. पान्हे दोन, माणसं चार. धरणाऱ्याचा हात एकदा सुटला की दांड्या खाली जातात आणि हापसा कायमचा मुका होतो. तरण्या पोरांनी हे एकदा तरी उभं राहून बघावं.

औसा तालुका

1993 ला मी तेरा वर्षांचा होतो. आदल्या दिवशी गणपती बुडवले, रात्री उशिरा झोपलो आणि पहाटे 3:56 ला किल्लारीचा भूकंप झाला. दोन-दोन हात रुंद भिंती, दगड आणि माती, वर माळवद. माळवद गळू नये म्हणून दरसाल त्यावर माती टाकायची. आज्याच्या काळापासूनची ती सगळी माती माणसांच्या अंगावर आली.

उजाडल्यावर सगळे फावडी घेऊन दिसेल तिथं उपसायला लागले. आमच्या आळीत एक म्हातारे सुतार होते. त्यांनी आधी आरडाओरडा बंद करवला. "रडू नका, ऐका." सगळे गप्प झाले की ते जमिनीला कान लावायचे. मग खांबाकडं बघायचे. बऱ्याच घरांच्या भिंती ढासळल्या होत्या, पण लाकडी खांब आणि तुळया वाकड्यातिकड्या उभ्या होत्या. त्या तुळईखाली पोकळी राहते, माणूस जिवंत असला तर तिथंच असतो, हे त्यांना माहीत होतं. घरं त्यांनीच बांधलेली. तुळईला हात लावू देईनात. आधी वरची माती पाट्यांनी, मग दगड वरून खाली, एकेक. घाईनं मधला दगड ओढला की बाकीचे आत बसतात.

माझी धाकटी बहीण त्या पद्धतीनं निघाली. चुलत्यांच्या घराचा खांबच मोडला होता, तिथं ऐकूनही काही उपयोग झाला नाही.

आज आमच्याकडं सगळी स्लॅबची घरं आहेत. स्लॅब कसा उचलायचा, ते मला येत नाही. कुणाला येत असेल तर लिहा.

परभणी

दादा, वाचून थांबावं लागलं.

मी पेवाचं लिहितो. आमच्या वाड्यात पेव होतं, मी शेवटचं उघडलेलं पाहिलंय. गावठाणातल्या कोरड्या पांढरीत खोल खड्डा, वर तोंड माणूस उतरेल एवढंच. तळाला आणि कडेनं कडबा, भुसकट, मग ज्वारी, तोंडावर दगडी चीप, वरून मातीनं लिंपण. दोन-तीन वर्षं ज्वारीला सोंडा लागत नसे. कारण साधं आहे. दाणा जिवंत असतो, श्वास घेतो. बंद जागेतली हवा संपते आणि कार्बन डायऑक्साइड भरतो, त्यात किडा मरतो.

आणि माणूसही मरतो. हा वायू जड, तळाला बसतो. चीप काढली की लगेच उतरायचं नाही हे नाना दहा वेळा सांगायचे. दिवसभर तोंड उघडं. मग टोपलं दोरीनं खाली-वर, खाली-वर, हवा हलेपर्यंत. मग कंदील सोडायचा. आमचा कंदील पहिल्यांदा निम्म्यावर गेला आणि ज्योत निळसर होऊन विझली, मला अजून दिसते. दुसऱ्या दिवशी तळापर्यंत जळता राहिला तरी नानांनी उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधला आणि वर तिघं उभे केले. आत कुणी कोसळला तर ओढायचं, मागून उडी घ्यायची नाही. पेवात एकामागं दुसरा असे जीव गेलेत ते याच चुकीनं.

धागा काढणारी

भाऊ, तिसऱ्या मजल्यावर पेव कुठं खोदू?

परभणी

घट्ट झाकणाचा ड्रम घ्या, गच्च भरा, सारखं उघडू नका. तत्त्व तेच. पण ज्वारी खडखडीत वाळलेली हवी, दाताखाली कट्ट वाजली पाहिजे. ओलसर भरली तर उबट वास सुटून सगळी फेकाल.

केज, सध्या कारखान्यावर

आमचा कोयता आहे. म्हणजे मी आणि मालक. दिवाळी झाली की घर गाडीत घालायचं आणि सहा महिने उसाच्या फडात. कोपी घालायला आम्हाला तास-दीड तास लागतो. बांबू वाकवून पुरायचे, वरून पाचट, चटई, कागद; तोंड वाऱ्याच्या उलट्या बाजूला. अंधारात तीन दगडांवर भाकरी होते. लाइट, नळ, दवाखाना यातलं काही नसताना लेकरं वाढवलीत. 2020 ला सगळं बंद झालं, लोक घाबरले. आम्ही फडातच अडकलो होतो. कोपी होती, चूल होती, पीठ संपत आलं होतं. ताई, तुम्ही ज्याला समाज कोसळणं म्हणता तो आमचा हंगाम आहे. भाच्याला पाठवा, शिकवू. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मिळणार नाही.

धागा काढणारी

वाचून दाखवलं त्याला. किट कपाटात गेलंय.

जालना

बियाणं. कपाशीचं घरी धरता येत नाही, संकरित आहे, पुढच्या पिढीत झाड भलतंच निघतं. सोयाबीनचं येतं. मी दरवर्षी धरतो. एका साली विकतची पिशवी पेरली, उगवलंच नाही. तेव्हापासून विकतचं असो की घरचं, आधी 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीनं मांडतो, गुंडाळी करून सावलीत ठेवतो, आठवड्यानं कोंब मोजतो. सत्तर आले तर एकरी 30 किलो पेरायचं, कमी आले तर तेवढं बियाणं वाढवायचं. सोयाबीनची साल पातळ असते. पोती आपटली, एकावर एक रचली की बियाणं मेलं.

हिंगोली

मी उपकेंद्रात नर्स आहे. हगवणीत पोर सुकून जातं, सलाइन नसली तरी हे जमतं: 1 लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट 6 चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजानं घालू नका, जास्त झालं तर पोराचं उलट नुकसान होतं. घोट घोट, सारखं.

साप चावला तर मात्र घरगुती कसब नाही. कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. हालचाल कमी आणि गाडी. मण्यार रात्री झोपेत चावते, दुखतही नाही, सकाळी पापण्या जड होतात. दवाखाने खरंच बंद पडले तर आपल्या हातात एवढंच: रानात बूट, रात्री बॅटरी, जमिनीवर न झोपणं. मिठाबद्दल आजी बरोबर बोलल्या.

अंबाजोगाई

जातं आहे आमच्याकडं, सासूबाईंचं. हौसेनं दळायला बसले, तर पीठ नाही, भरडा पडला. सासूबाई म्हणाल्या, जात्याला टाकी लावायला झाली. टाकी लावणारे पूर्वी उन्हाळ्यात दारावर यायचे, आता कुणी येत नाही. छिन्नी आहे घरात, पण घाव किती खोल द्यायचा आणि मधून कडेला कसा न्यायचा हे सासूबाईंनाही माहीत नाही. कुणाच्या गावात अजून असं माणूस आहे का? जातं गाडीत घालून आणते.

परभणी

आमच्या शेजारच्या गावात एक आहेत, सत्तरीच्या पुढच्या. नजर कमी झालीय, पण बोटांनी चाचपून लावतात. पावसाळ्याआधी या. जात्याच्या दोन्ही तळ्या आणा, नुसती वरची आणू नका.