आर्मफुल म्हणजे हातभर?

चकली
मंडळी, अडले आहे. लहान मुलांच्या एका इंग्रजी गोष्टीचा अनुवाद करतेय. थंडीचे दिवस, नात बाहेरून येते आणि तिच्याजवळ ‘ॲन आर्मफुल ऑफ फायरवुड’ असतं. मी लिहिलं ‘कवळाभर लाकडं’. संपादकांनी फोन करून विचारलं, कवळी म्हणजे दातांची ना? आणि खोडून ‘हातभर लाकडं’ केलं. मला ते वाचून हातभर लांबीचं एकच लाकूड दिसतं. ‘मोळी’ म्हणावं तर मोळीला दोरी आली, डोक्यावर घेणं आलं. ही पोर सात वर्षांची, अंगणातल्या ढिगातून उचलून घरात आणतेय. शुक्रवारी फाईल द्यायची आहे. काय लिहू?

तिफण
कवळा बरोबर आहे, पण लाकडांना नाही. आमच्या सोलापूर भागात कडब्याचा कवळा, गवताचा कवळा. दोन्ही हात पुढे करून उराशी मावेल तेवढी सुटी वैरण. बांधली की ती पेंढी, आणि पाच पेंढ्यांचा पाचुंदा. सरपण कवळ्यानं आणलेलं मी ऐकलं नाही. काटे लागतात हो.

खलाशी
तिफणराव, आमच्या कोकणात कवळ म्हणजे झाडाच्या तोडलेल्या डहाळ्या, पाल्यासकट. भाताच्या रोपांसाठी राब भाजायला लागतात त्या. त्यामुळे ‘कवळ’ आणि ‘लाकडं’ एका वाक्यात आली की मला तर थेट भाजवळीचा धूर येतो नाकात. चकलीताई, तुमचं पुस्तक कोणत्या जिल्ह्यात खपणार ते आधी ठरवा.

अनुस्वार
एवढी ओढाताण कशाला? आर्म म्हणजे बाहू. ‘बाहूभर लाकडे’. सुटसुटीत, शुद्ध, सगळ्या जिल्ह्यांत चालेल.

तिफण
बाहूभर लाकडे घेऊन सात वर्षांची पोर आली आणि आजीने तिला द्रौपदी समजून ओवाळले.

जुनी वही
हसू आलं, पण अनुस्वार यांच्या सूचनेतली खरी अडचण ‘बाहू’ नाही, ‘भर’ आहे. इंग्रजीतलं ‘फुल’ अवयवाला भांडं करतं. हँड हे भांडं, आर्म हे भांडं, माउथ हे भांडं, लॅप हे भांडं; त्यात मावेल तेवढं म्हणजे हँडफुल, आर्मफुल, माउथफुल, लॅपफुल. आणि तयार होतं ते सरळ नाम, म्हणून त्याचं अनेकवचन होतं, पुढे ‘ऑफ’ लागतो.

आपला ‘भर’ इतका सरळ नाही. ‘मूठभर’ म्हणजे मुठीत मावेल तेवढं, इथपर्यंत जमतं. पण ‘हातभर काकडी’ ही लांबी. ‘हातभर बांगड्या’ म्हणजे मनगटापासून वरपर्यंत हात व्यापणाऱ्या, हा पसारा, ‘घरभर’ आणि ‘गावभर’सारखा. ‘अंगभर कपडे’ तसंच. ‘पुरुषभर पाणी’ ही खोली. आणि ‘पोटभर’ तर मापच नाही, तृप्ती आहे. पोटात किती लिटर मावतं याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणून संपादकांचं ‘हातभर लाकडं’ मलाही खटकतं. आपल्याकडे ‘हात’ हे भांडं नाहीच. भांडं व्हायला हाताला काहीतरी आकार घ्यावा लागतो: चिमूट, मूठ, पसा, ओंजळ, कव. इंग्रजी एक हँडफुल म्हणून मोकळं होतं. आपण आधी हात कसा धरलाय ते विचारतो.

दूरदेशी
हे ‘आकारा’चं पटलं. हँडफुलवरून आमच्या घरातलं सांगतो. न्यू जर्सीत मुलगी बालवाडीत जायला लागली तेव्हा बाईंनी हसत हसत सांगितलं, ‘शी इज अ हँडफुल!’ म्हणजे आवरता आवरत नाही. माझी आई तेव्हा आमच्याकडे आलेली. तिला शब्द ओळखीचा वाटला, तिने मनातल्या मनात मराठी केलं: मूठभर आहे पोरगी. म्हणजे वाळलेली. दुसऱ्या दिवसापासून वरणात तुपाची धार दुप्पट. खरा अर्थ सांगितला तेव्हा म्हणाली, ‘मग तूप कशाला देऊ, आणखी शक्ती येईल.’

चकली
😄 पण लाकडं?

मोडीवाला
लाकडांकडे येतो. आधी ‘पसा’ आला आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो, कारण त्यावर लोक हमखास चुकतात. पसा म्हणजे एका हाताचा पंजा द्रोणासारखा करून मावेल तेवढं. संस्कृत ‘प्रसृति’. शार्ङ्गधरसंहितेत वैद्यकातली मापं दिली आहेत त्यात साखळी स्वच्छ आहे: पल, त्यालाच मुष्टी म्हणतात, दोन पलांची एक प्रसृती, दोन प्रसृतींची अंजली, तिलाच कुडव. म्हणजे मूठ, पसा, ओंजळ ही चढती मापं. आपल्या ‘पसाकुडता’ या शब्दात ती अजून शाबूत आहेत, पसा आणि कुडव. हा माझा अंदाज, पण मी तो सोडणार नाही.

तिफण
पसा दोन हातांचा. वासुदेवाला आजी सुपातून पसाभर जोंधळे घालायची ते दोन्ही हातांनी.

मोडीवाला
ती ओंजळ झाली.

तिफण
आमच्याकडे ओंजळ पाण्याची, पसा धान्याचा. हात तेवढेच, दोन. आजीला शार्ङ्गधर भेटला नव्हता.

शब्दवेल्हाळ
पसा किती सुंदर शब्द आहे! ज्ञानेश्वरांनी म्हणूनच ‘पसाय-दान’ मागितलं ना, फक्त पसाभर. एवढ्या मोठ्या माणसाने मागावं किती, तर पसाभर.

मोडीवाला
वाटच बघत होतो, हे कधी येतंय. पसाय म्हणजे प्रसाद. प्राकृतात ‘प्र’चा ‘प’ झाला, ‘द’ गळून ‘य’ आला. पसायदान म्हणजे प्रसादाचं दान, कृपेचं. पशाचा काहीही संबंध नाही. शिवाय त्यात मागितलं आहे काय ते बघा: अख्ख्या विश्वाला स्वधर्मसूर्य दिसू दे, ज्याला जे हवं ते मिळू दे. हे पसाभर?

शब्दवेल्हाळ
व्युत्पत्ती तुमची बरोबर असेल. मला माझी आवडते.

खलाशी
लांबीचा विषय निघालाच आहे तर आमची ‘वाव’ विसरू नका. दोन्ही हात आडवे ताणले की या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. संस्कृतात व्याम. मासेमारीत खोली अजून वावातच सांगतात, पाणी सात वाव आहे वगैरे. दोर ओढताना आपोआप मोजला जातो, एक ताण एक वाव. इंग्रजांचा फॅदम हुबेहूब हाच, सहा फूट. आणि मजा म्हणजे जुन्या इंग्रजीत फॅदमचा मूळ अर्थ पसरलेले हात, कव, मिठी. कवेत घेता घेता ते समुद्राची खोली मोजायला लागले आणि खोली मोजता मोजता ‘फॅदम करणे’ म्हणजे समजणे झालं. आपण थांग म्हणतो ना, तिथे.

माझी एक शंका: ‘करायला वाव आहे’ मधला वाव हाच असेल का? हात पसरायला जागा?

मोडीवाला
तो वाव पुल्लिंगी, तुमची वाव स्त्रीलिंगी. नुसत्या आवाजावरून सोयरीक जुळवू नका.

खलाशी
जुळवत नाही, फक्त पत्रिका दाखवली.

चेन्नईकर
इकडे फुलं मुळमाने विकतात. मुळम म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, आपला जुना हात. इंग्रजी क्युबिटही तोच. त्या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थ कोपर. फुलवाली स्वतःच्या हाताने मोजते, त्यामुळे माझी बायको घेते त्या ठिकाणी उंच बाई शोधते. मल्लीचा गजरा दोन मुळम घेतला आणि घरी माझ्या हाताने मोजला तर पावणेदोन भरला. तक्रार कोणाकडे करायची?

जुनी वही
मोजमापाचा अवयव भाषांतरात सरळ नेला की काय होतं त्याचा एक नमुना माझ्या कात्रणांत आहे. इंग्रजीत घोड्याची उंची ‘हँड’मध्ये सांगतात. एक हँड म्हणजे 4 इंच, पंज्याची रुंदी, आणि मोजायचं खांद्यापर्यंत, डोक्यापर्यंत नाही. एका मराठी पुरवणीत छापून आलं होतं, ‘हा उमदा घोडा 15 हात उंच आहे.’ आपला हात 18 इंचांचा. म्हणजे साडेबावीस फूट. जिराफ मान वर करून बघेल.
(तिथेच आणखी एक सापळा. 15.2 हँड म्हणजे दशांश नव्हे, 15 हँड आणि 2 इंच.)

आणि अनुस्वार, तुमच्या बाजूचा एक मुद्दा देऊन टाकते: खुद्द इंग्रजीत हँडफुल हा शब्द एके काळी लांबीसाठीही वापरत, त्याच चार इंचांसाठी. म्हणजे भांडं आणि पट्टी यांची गल्लत फक्त आपलीच नाही.

अनुस्वार
आभार. पण माझा मूळ आक्षेप वेगळाच आहे. ‘मूठभर लोकांच्या हातात सत्ता’ हे हल्ली जो तो लिहितो. ही सरळ इंग्रजीची नक्कल, अ हँडफुल ऑफ पीपल. माणसं काय मुठीत धरायची वस्तू आहेत?

तिफण
मूठभर मावळे?

अनुस्वार
तेही शाळेच्या पुस्तकातलं. जुन्या बखरीतला दाखला द्या, मी शब्द मागे घेतो.

जुनी वही
हिंदीत मुट्ठीभर लोग, बंगालीत मुष्टिमेय. एवढ्या भाषांनी एकाच इंग्रजी वर्गात बसून नक्कल केली म्हणता? शक्य आहे, पण मला वाटत नाही. मूठ ही कल्पना कोणालाही सुचण्यासारखी आहे. अंगावर मूठभर मांस चढतं ते काय इंग्रजांनी चढवलं?

अनुस्वार
मांस वेगळं, माणूस वेगळा. दाखला?

दूरदेशी
दाखला येईपर्यंत मला माउथफुल सांगा कोणीतरी. घास, की घोट?

जुनी वही
हाच तो मुद्दा! इंग्रजी विचारतं तोंडात किती, मराठी विचारतं तोंडात काय आणि कशासाठी. गिळायचा पातळ पदार्थ तर घोट. खायचा तर घास. खळखळून टाकायचं पाणी तर चूळ. पान-तंबाखूने गाल फुगले तर तोबरा, मुळात घोड्याच्या तोंडाला बांधायची चंदीची पिशवी. कोरडं पीठ किंवा चुरमुरे कोंबले आणि बोलता येईना तर बकाणा. आता ‘अ माउथफुल ऑफ वॉटर’ आलं की आधी बघायचं, माणूस तहानलेला आहे की दात घासतोय.
शिवाय लांबलचक नावाला इंग्रजीत माउथफुल म्हणतात ते निराळंच. तिथे मी ‘जिभेला व्यायाम’ असं काहीतरी करून वेळ मारून नेते.

चकली
आणि इअरफुल? त्याच पुस्तकात आहे, आजी नातीला इअरफुल देते. ‘कान भरले’ लिहून टाकलं होतं, रात्री दोनला जाग आली आणि उठून खोडलं. आजी चुगलखोर झाली असती.

जुनी वही
कानउघाडणी! बघा ना, त्यांचा कान रागावून भरतात, आपला उघडतात. आपण भरतो ते चहाड्यांनी. आयफुललाही तसंच सांभाळा. ‘डोळे भरून पाहिलं’ यात माया आहे. आयफुलमध्ये बऱ्याचदा नजर चांगली नसते.

खलाशी
स्किनफुल राहिला. भरपूर प्यायलेल्याला म्हणतात. कातडं त्याचं स्वतःचं की दारूच्या बुधल्याचं, यावर एकदा जहाजावर वाद झाला होता. मराठीत मी तरी ‘पखाल भरली’ म्हणेन.

शब्दवेल्हाळ
लॅपफुल म्हणजे ओटीभर! किती छान बसतो.

तिफण
ओटी अवयव कुठाय? पदराचा खोळ तो.

शब्दवेल्हाळ
मग ओटीपोट काय पदराला असतं? ओटी बाईचीही आणि लुगड्याचीही. शेंगा तोडताना ओटीत टाकतात तेव्हा अंग कुठे संपलं आणि कापड कुठे सुरू झालं, सांगा.

तिफण
हे मान्य. पण पसा दोन हातांचा.

दूरदेशी
शनिवार होता, म्हणून बसून वजनंच केली. तोच बासमती, माझाच हात, प्रत्येकी तीनदा. मूठ सरासरी 42 ग्रॅम, एका हाताचा पसा 66, ओंजळ 205. म्हणजे मोडीवाला यांची 1:2:4 ची साखळी माझ्या हाताला लागू नाही. पशाने दगा दिला, ओंजळ भलतीच उदार निघाली.

मोडीवाला
प्रसृती म्हणजे बोटं किती वाकवायची ते माणसागणिक बदलतं. तुम्ही तळहात सपाट ठेवला असणार.

चकली
फाईल गेली. ‘हातभर’ काढायला लावलं, ‘कवळाभर’ त्यांनी घेतलं नाही. शेवटी लिहिलं, ‘दोन्ही हातांत मावतील तेवढी लाकडं उराशी धरून ती आत आली.’ एका आर्मफुलला सहा शब्द लागले. चित्रकाराने मात्र पोरीच्या डोक्यावर मोळी काढून पाठवली आहे. दोरीसकट.

खलाशी
दूरदेशी, दोन्ही हातांची ओंजळ भरलेली असताना काट्यावर भांडं कोणी धरलं होतं?