मारुती ८०० (१९९७) : दारांच्या पॅडचा हार्डबोर्ड फुगला आहे, मूळ रेक्झिन वाचवता येईल का?

सर्वांना नमस्कार.

वडिलांनी १९९७ साली नवी घेतलेली मारुती ८०० आजही आमच्याकडे आहे आणि परभणी ते गंगाखेड अशी तिची आठवड्यातून दोन वेळा फेरी होते. इंजिन व ब्रेक यांविषयी काही तक्रार नाही. प्रश्न आहे तो दारांच्या आतल्या पॅडचा, आणि त्यातही चालकाच्या बाजूच्या पुढच्या दाराचा.

हे पॅड म्हणजे हार्डबोर्डचा पातळ तुकडा, त्यावर बारीक स्पंज आणि त्यावर करडे रेक्झिन, अशी साधी रचना आहे. रेक्झिनवर कारखान्यातच उष्णतेने दाबून उमटवलेल्या आडव्या रेघा आहेत. पाठीमागच्या क्लिपा दाराच्या पत्र्यातील छिद्रांत बसतात आणि पॅड जागेवर राहतो. माझ्या चालकाच्या दाराचा खालचा साधारण एक तृतीयांश बोर्ड फुगून भिजलेल्या बिस्किटासारखा भुसभुशीत झाला आहे. क्लिपांची घरे फाटल्यामुळे खालची कड पत्र्यापासून बोटभर सुटली असून खराब रस्त्यावर ती सतत वाजते. वरच्या कडेला, जिथे कोपर टेकतो आणि दुपारचे ऊन थेट पडते, तिथे रेक्झिन कडक होऊन तडकले आहे. मागच्या दोन्ही दारांचे पॅड मात्र अजून बऱ्या अवस्थेत आहेत.

हे कशामुळे झाले ते मला उशिरा समजले. दोन वर्षांपूर्वी काचेचे मशीन बदलले, त्या वेळी पॅडच्या मागे पत्र्यावर चिकटवलेले पॉलिथिन फाडून काढले गेले आणि ते परत लावलेच नाही. काचेच्या बाहेरचे रबर जुने झाले की पावसाचे पाणी दाराच्या पोकळीत उतरते, आणि ते उतरणार हे गृहीत धरूनच दाराच्या तळाशी निचऱ्याची छिद्रे ठेवलेली असतात; पोकळीतले पाणी आणि बोर्ड यांच्यामध्ये जी आड असते ती या पॉलिथिनचीच. माझ्या गाडीत ती आड नव्हती, आणि निचऱ्याची छिद्रेही काळ्या मातीने बुजलेली होती. २०२५च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, त्या दिवसांत गाडी अंगणात उघड्यावर उभी होती. नंतर तारेने छिद्रे मोकळी केली तेव्हा एका दारातून वाटीभर गाळ निघाला. हे काम दरवर्षी मृगाच्या आधी करायला हवे होते, याची मला मनापासून खंत वाटते.

गावातील कुशनवाल्यांनी चारही दारांना नवा बोर्ड व नवे रेक्झिन एका दिवसात लावून देण्याची तयारी दाखवली आहे. त्यांच्या कामात सफाई आहे, मी त्यांचे काम पाहिले आहे. परंतु दाबून उमटवलेल्या रेघा त्यांना करता येणार नाहीत; त्याऐवजी शिलाई येईल किंवा रेक्झिन सपाट राहील. वडील आता गाडी चालवत नाहीत, शेजारच्या सीटवर बसतात आणि त्यांचा हात सवयीने त्याच रेघांवर असतो. म्हणून गाडीचे आतले रूप शक्य तितके मूळचेच राहावे असे मला वाटते.

जुने रेक्झिन स्पंजासह सोडवून नव्या बोर्डावर चढवण्याचे काम कोणी स्वतः केले आहे का? सोडवताना रेक्झिन आकसते का? नवा बोर्ड पुन्हा हार्डबोर्डचाच घ्यावा की पाण्याने न फुगणारी पीव्हीसी शीट घ्यावी? आणि आपल्याकडच्या ४२-४३ अंशांच्या उन्हाळ्यात बंद गाडीत टिकेल असे चिकटवण्याचे साधन कोणते?

प्रतिसाद (लातूर)

मी माझ्या जुन्या गाडीच्या दोन दारांचे असे काम केले आहे, त्यामुळे हे होऊ शकते एवढे खात्रीने सांगतो. सुरुवात खालच्या कडेपासून करावी, कारण तिथला डिंक ओलाव्याने आधीच सुटलेला असतो. मागे दुमडलेली कड केस वाळवण्याच्या यंत्राने कोमट करून रुंद पात्याने हळूहळू उचलावी. स्पंज ओढू नये. तो फाटतो आहे असे वाटले तर बोर्डाचा पातळ पापुद्रा त्याच्यासोबत येऊ द्यावा आणि तो नंतर पॉलिश पेपरने घासून काढावा. रेक्झिन आकसते हे खरे आहे. उन्हात थोडे तापवल्यावर ते ताणले जाते, पण जिथे तडे गेले आहेत तिथे ताणू नये.

बोर्डाची जाडी वरच्या कोरड्या भागात मोजावी, फुगलेल्या भागात नव्हे. जाड बोर्ड घेतला तर क्लिपा पत्र्यापर्यंत पोहोचत नाहीत आणि काच फिरवण्याचे हँडलही पुरेसे आत बसत नाही. त्या जाडीची पीव्हीसी शीट उन्हात वाकू शकते, म्हणून मी हार्डबोर्डच घेतला. मात्र दोन्ही बाजू, सर्व कडा आणि क्लिपांची छिद्रे यांना रेक्झिन चढवण्यापूर्वी वॉर्निशचे दोन हात दिले. सुतारकामाचा पांढरा फेव्हिकॉल येथे वापरू नये. फेव्हिकॉल एसआर ९९८ सारखे रबरी सोल्यूशन दोन्ही पृष्ठभागांवर पातळ लावून, बोटाला चिकटेनासे झाल्यावर जोडावे. एकदा टेकले की ते सरकवता येत नाही, त्यामुळे मधल्या रेघेपासून बाहेरच्या दिशेने जावे. हे काम सकाळी, सावलीत करावे; दुपारी सोल्यूशन फार लवकर वाळते.

वरची तडकलेली पट्टी मात्र वाचणार नाही. तेवढा भाग पहिल्या दाबलेल्या रेघेवर कापून त्याच छटेचे नवे रेक्झिन लावावे, म्हणजे सांधा रेघेतच लपतो. शेवटी जाड पॉलिथिन ब्यूटाइल रबराच्या चिकटपट्टीने पत्र्यावर बसवावे आणि त्याची खालची कड दाराच्या पोकळीत सोडावी, म्हणजे पाणी आतच गळून जाईल. आंबट वासाचे सिलिकॉन वापरू नका, त्याने पत्रा गंजतो.

मूळ प्रश्नकर्ता

आपण इतक्या आत्मीयतेने लिहिलेत, मनःपूर्वक आभार. रेघेवर सांधा घेण्याची युक्ती मला सुचलीच नव्हती. आज हँडलच्या मागे फडके घालून पुढे-मागे ओढले आणि त्यामागची तारेची रिंग अलगद बाहेर आली. पॅड काढून वरचा बोर्ड मोजला, तो ३ मिलिमीटर भरला. रविवारी सकाळी चालकाच्या दाराचे काम सुरू करतो आणि चारही दारांना पॉलिथिन याच आठवड्यात लावून घेतो. एवढेच विचारायचे राहिले : जुन्या रेक्झिनच्या पाठीवरचा वाळलेला डिंक पूर्ण खरवडावा, की त्यावरच नवे सोल्यूशन लावलेले चालेल?