मदत हवी आहे : पार्श्वसंगीत नसलेले (किंवा अगदी जेवढ्यास तेवढे असलेले) चित्रपट सुचवा

नमस्कार मंडळी,

हल्ली चित्रपट बघताना एक गोष्ट फार खटकते. पडद्यावरच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी यायच्या आत व्हायोलिनं रडायला लागतात. दार उघडायच्या आधीच ढोल वाजून सांगतात की आता काहीतरी भयंकर होणार. चांगल्या नटाने चेहऱ्यावर जे कष्टाने आणलेलं असतं, त्यावर बोळा फिरतो. मला असे चित्रपट हवे आहेत जिथे दिग्दर्शक प्रेक्षकावर भरवसा ठेवून गप्प बसतो. आवड कळावी म्हणून पाहिलेल्यांपैकी काहींबद्दल थोडक्यात लिहिते.

'कोर्ट' (2014) सगळ्यात वर. कॅमेरा एका जागी शांत, माणसं येतात-जातात, तारखा पडत राहतात. सरकारी वकीलबाई मुलाला घेऊन घरी जातात, स्वयंपाकाला लागतात, आणि आपल्याला त्यांचा रागही धड करता येत नाही. तिथे संगीत असतं तर त्यांची खलनायिका व्हायला वेळ लागला नसता. शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, दिवे मालवले जातात, आणि काळोख झाल्यावरही ते दृश्य चालूच राहतं. तो काळोख मला अजून सोडत नाही.

'अ सेपरेशन' (2011) : प्रत्येकाचं पटतं आणि म्हणूनच जीव घुसमटतो. पार्श्वसंगीत येतं ते थेट शेवटी, घटस्फोटानंतर कुणाकडे राहायचं या मुलीच्या निर्णयाची आईवडील कॉरिडॉरमध्ये वाट बघत असतात तेव्हा.

'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' (2007) : कथेचा शेवट मला कोरडा वाटला, पण हॉटेलच्या खोलीतला प्रसंग! नायक बंदूक धरून पलंगावर बसलाय. दाराखालच्या फटीतून उजेड, त्यात कुणाच्या तरी पावलांची सावली. सावली सरकते आणि मग बाहेरचा दिवाच जातो. या सगळ्यात संगीताचा एकही सूर नाही.

'12 अँग्री मेन' (1957) : संवाद अप्रतिम. शेवटी एका ज्युरी सदस्याने स्वतःच्या मुलाचा फोटो फाडून ढसाढसा रडणं मात्र जरा सोपं उत्तर वाटलं.

'सैराट' (2016) संगीताने ओतप्रोत भरलेला, तरी यादीत आहे. कारण शेवटी ते लहान मूल घरात शिरतं तेव्हा आवाजच काढून घेतलाय. आधी इतकं वाजलं म्हणूनच ती शांतता इतकी अंगावर येते, असं माझं मत.

आणि माझ्याच तक्रारीला छेद देणारा 'पथेर पांचाली' (1955). हरिहर परत येतो, मुलगी दुर्गा मधल्या काळात वारली हे ठाऊक नसल्याने तिच्यासाठी आणलेली साडी दाखवतो, आणि तिची आई सर्वजया कोसळते. सर्वजयाचा आक्रोश ऐकूच येत नाही, त्या जागी तारशहनाई (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) वाजते. हे संगीत मला चालतं. ते रडायला सांगत नाही, ते स्वतःच तिचं रडणं झालंय.

भाषा कुठलीही चालेल, सबटायटल्स वाचायची सवय आहे. रक्तपात फार नको. आणि कृपया नुसतं संथ आहे म्हणून थोर असं काही सुचवू नका.

प्रतिसाद
'रिफिफी' (1955) नक्की बघा. दरोड्याचा जवळपास अर्धा तास ना संवाद, ना संगीत. वरच्या घरातून खाली भोक पाडताना प्लास्टरचे तुकडे खाली पडू नयेत म्हणून त्या भोकातून छत्री घालून उघडतात. आपणही श्वास रोखून बघतो. संगीतकाराने या प्रसंगासाठी संगीत केलं होतं, पण दोन्ही प्रकारे पाहिल्यावर त्यालाही विनासंगीतच पटलं.
'एम' (1931) पण. पार्श्वसंगीत नाही, खुनी एक धून शीळेवर घालतो तेवढंच. एक आंधळा फुगेवाला ती शीळ ओळखतो आणि तिथून चक्रं फिरतात.

प्रतिसाद
'रोमा' (2018). वेगळं पार्श्वसंगीत नाही, पण रस्त्यावरचे आवाज, रेडिओ, कुत्रे, समुद्र यांनी भरलेला. हेडफोन लावून बघा, आवाज कुठल्या बाजूने येतोय हे त्यात महत्त्वाचं आहे.
'जान डिलमन' (1975) सुचवू की नको असं झालंय. तीन तासांहून मोठा, एका बाईचं घरकाम, बटाटे सोलणं. पण ते बटाटे सोलणं बिघडायला लागतं तेव्हा जो ताण येतो, तो मी थरारपटातही अनुभवलेला नाही. संथपणाला तिथे कारण आहे.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. 'रिफिफी' आधी बघते, छत्रीचं वाचूनच राहवत नाहीये. 'जान डिलमन' एखाद्या मोकळ्या दिवशी, मधे न उठता. 'कोर्ट'च्या जवळ जाणारं मराठीतलं आणखी काही कुणाला आठवतंय का? जुनं असलं तरी चालेल, फक्त वादीसंवादी सूर माणसांचे हवेत.