डायरीच्या कव्हरवर फुलीची शिवण आणि चामड्याची वेणी: भोकं कशी आखायची?

कागदकातडी:
नमस्कार मंडळी. मी घरच्या घरी चामड्याच्या वस्तू करतो: पाकिटं, घड्याळाचे पट्टे, चष्म्याची घरं. दोन सुयांची सरळ शिवण, म्हणजे सॅडल स्टिच, आता हातात बसली आहे. बहिणीला ए5 डायरीचं कव्हर करून द्यायचंय. 2 मि.मी. जाडीचं व्हेज टॅन, म्हणजे झाडांच्या साली-फळांत कमावलेलं चामडं, आणलंय. कण्याशी दोन तुकडे काठाला काठ भिडवून वरून फुल्या दिसतील अशी शिवण घालायचा बेत आहे. शिवणीची लांबी 22 सें.मी. रद्दी तुकड्यावर केलं तर फुल्या एकीकडे कलतात, आणि एका फुलीत डावा दोरा वर तर पुढच्या फुलीत उजवा. भोकं तिरक्या दातांच्या प्रिकिंग आयर्नने (ओळीने भोकं पाडायचं दातेरी हत्यार) पाडतो, दोरा 0.6 मि.मी. आहे.

शिवाय पुढच्या बाजूला कोल्हापुरीच्या पट्ट्यावर असते तशी वेणी लावता येईल का? तशी कव्हरं पुढे विकली तर कोल्हापुरी म्हणता येतील का?

पदरवेणी:
दादा, माझं सासर कोल्हापूरचं, घरात चपलांचं काम. पट्ट्यावरची वेणी, गोंडे, जरीची शिवण हे आमच्याकडे बायकांच्या हातातलं. त्यामुळे दोन्हीवर लिहिते.

आधी फुली. तिरक्या दाताचं भोक सरळ शिवणीला छान, कारण तिथे टाका त्या तिरकेपणातच बसतो. फुलीत मात्र दोरा दोन्ही दिशांनी जातो, मग तिरकं भोक त्याला एकाच बाजूला ओढतं. गोल भोक पाडा, साधारण 1 मि.मी.चं. प्रत्येक भोकातून दोरा दोनदा जाणार आहे, तेव्हा सुई बोथटच घ्या, नाहीतर आधीचा दोरा टोचला जातो आणि मग ताणच बसत नाही.

आता आखणी. कातड्यात पाडलेलं भोक बुजत नाही. कापडावर टाका उसवून परत घालता येतो, इथे नाही. म्हणून नक्षी शिवताना ठरत नाही, आखताना ठरते. काठापासून 3 मि.मी. आत रेघ ओढा, दोन्ही तुकड्यांवर. तुकडे भिडवले की दोन ओळींत 6 मि.मी. अंतर पडतं. भोकांमधलं अंतरही 6 ठेवलंत की फुली चौरस येते. उभट हवी तर अंतर वाढवा. तुमच्या 220 मि.मी.त 6-6ची 35 घरं (दोन भोकांमधली जागा म्हणजे एक घर) बसवा, 210 होतात, दोन्ही टोकांना 5-5 मोकळे सोडा. 36 घरं बसवायचा मोह होईल, पण मग टोकाचं भोक काठापासून 2 मि.मी.वर येतं आणि ताण दिला की तिथेच फाटतं. कंपासपेटीतलं कर्कटक 6 वर लावून खुणा करा, आणि दोन्ही तुकडे शेजारी ठेवून समोरासमोरच्या खुणा जुळवूनच आरी, म्हणजे भोक पाडायचा टोच्या, चालवा. एक खूण अर्धा मिलिमीटर चुकली तरी ती फुली लांबून दिसते.

शिवायला दोन सुया, दोरा एकच. दोन्ही सुया पहिल्या जोडीतून खालून वर काढा. डावीकडची सुई तिरकी उजवीकडच्या पुढच्या भोकात, मग उजवीकडची तिच्यावरून डावीकडच्या. खाली आडव्या बदलून पुन्हा त्याच जोडीतून वर. दर वेळी डावी आधी, उजवी नंतर. हा क्रम एकदा मोडला की वरचा दोरा बदलतो, तुम्हाला दिसतंय ते तेच. दोरा 0.6चा फार बारीक, फुली भरत नाही. 1 मि.मी.चा मेणाचा चपटा दोरा घ्या. वर तिरका, खाली आडवा आणि जाडीतून चारदा, असा हिशेब केला तर शिवणीच्या सहापट दोरा लागतो. सव्वा मीटर शिवणीत जाईल, हातात धरायला आणखी वीतभर दोन्हीकडे, म्हणजे पावणेदोन मीटर घ्या. ओढताना बाजूला ओढू नका, वर ओढा. बाजूला ओढलं की भोक लांबतं आणि काठ एकमेकांवर चढतात. कण्याच्या आतून पातळ कातड्याची पट्टी लावली तर डायरी उघडताना फट दिसणार नाही.

वेणीबद्दल संध्याकाळी लिहिते, आत्ता ऑर्डरचं काम आहे.

टाका_पुणे:
ताईंनी नेमकं सांगितलंय. मी काठाला चामड्याच्या लेसची दुहेरी वेटोळी घालतो. दिसतं भरगच्च, पण लेस काठाच्या सात-आठ पट लागते आणि मध्येच संपली तर जोड द्यावा लागतो. पहिल्या कव्हरला ते नको, फुलीच करा.

पदरवेणी:
वेणी. पाठीच्या भागाचं कातडं घ्या, पोटाकडचं ताणलं जातं आणि वेणी महिन्याभरात सैल पडते. आमच्याकडे बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं म्हशीचं कातडं असतं. तुमच्याकडे 2चं आहे, ते वाद्यांसाठी (वेणीच्या अरुंद पट्ट्यांसाठी) रापीने, म्हणजे कातडं तासायच्या सुरीने, तासून निम्मं करा. 3 मि.मी. रुंदीच्या तीन वाद्या, लांबी हव्या त्या वेणीच्या दीडपट. पाण्यातून काढा, प्रत्येक वादी हाताने ओढून घ्या म्हणजे जेवढी ताणायची तेवढी आत्ताच ताणली जाईल, आणि ओली असतानाच गुंफा. पदर उलटू देऊ नका, चकाकीची बाजू सतत वर. सावलीत वजनाखाली वाळवा. मग वेणीच्या खाचेतून टाका घ्या, दोन पदर जिथे एकमेकांखाली जातात तिथे. दोरा तिथे लपतो.

काठावर लावू नका. हात लागून लागून घासते. काठापासून बोटभर आत बसवा.

नावाचं म्हणाल तर भौगोलिक मानांकन (जी.आय., म्हणजे ठराविक भागातल्या ठराविक वस्तूलाच ते नाव) कोल्हापुरी चपलेला आहे, 2019 साली मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे येतात. तुमची वस्तू डायरीचं कव्हर आहे, तेव्हा 'चामड्याची वेणी, हातशिवण' असंच लिहा. आणि किंमत लावताना वेणीचे तास धरा हो. वेणी फुकटात घातलेली असते असं गिऱ्हाइकाला वाटतं, कारण ती घालणारीचे तास कुणी मोजतच नाही. आमच्या घरात हे आम्ही बदललं, आता वेणीची मजुरी वेगळी लिहितो.

सुईदोरा:
मी ब्लाउजवर आरी वर्क करते. त्यातला साखळी टाका चामड्यावर घालता येईल का?

पदरवेणी:
येते की. कच्छच्या मोची लोकांची ओळखच ती, हूकवाल्या आरीने साखळी भरायची. पण जाड कातड्यावर हूक अडकतो. 1 मि.मी.च्या आतलं मऊ बकऱ्याचं कातडं घ्या, टाके कापडापेक्षा लांब ठेवा. दाट भरलंत तर भोकांची रांग तिकिटासारखी फाटते. आणि पेन्सिलने नक्षी काढू नका, डाग जात नाही. बोथट टोकाने दाबून रेघ ओढा.

कागदकातडी:
ताई, 35 घरं आखून झाली. कातडं ओलं असताना आरी चालवू की कोरडं?

पदरवेणी:
फुलीसाठी कोरडं. ओल्यात भोक पडतं सहज, पण वाळताना तुकडा आकसतो आणि समोरासमोरची भोकं सरकतात. आरीला मेण लावा, तेवढं पुरतं.