लॅपटॉप दुरुस्त झाला, पण जुनी एसएसडी (डेटा साठवणारा भाग) दुकानदाराने परत दिली नाही. तक्रार कुठे करावी?

डोंबिवलीकर:
नमस्कार. मी घरून लहान व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिण्याचे काम करतो. पावसात विजेची ये-जा चालू असताना माझा लॅपटॉप बंद पडला, म्हणून तो लॅमिंग्टन रोडवरील एका दुरुस्तीच्या दुकानात दिला. मदरबोर्ड शॉर्ट झाला असून साडेसहा हजार रुपयांत काम होईल, असे दुकानदाराने व्हॉट्सॲपवर कळवले आणि मी तिथेच होकार दिला. प्रत्यक्ष लॅपटॉप आणायला गेलो तेव्हा मात्र अकरा हजारांची मागणी झाली आणि कारण विचारताच ‘तुमची एसएसडीपण गेली होती, नवी टाकली’ असे उत्तर मिळाले. मूळची ५१२ जीबीची होती, बसवलेली २५६ जीबीची आहे. जुनी मागितली तर आधी ती सापडत नाही म्हणाले, मग भंगारात गेली म्हणाले.

हिशेबांचा बॅकअप माझ्याकडे असल्यामुळे काम अडलेले नाही. परंतु त्या एसएसडीत माझ्या अशिलांच्या पॅन आणि आधारच्या प्रती होत्या, त्या कुणाच्या हाती गेल्या असतील याची चिंता मला पैशांपेक्षा अधिक आहे. पूर्ण रक्कम दिल्याशिवाय लॅपटॉप मिळणार नाही असे सांगितल्याने ती यूपीआयने भरली. बिलावर ‘रिपेअर चार्जेस’ एवढाच एकरकमी उल्लेख आहे आणि पावतीच्या मागे ‘डेटाची जबाबदारी आमची नाही’ असे छापलेले आहे. अशा छापील ओळीमुळे दुकानदार मोकळा होतो का, आणि तक्रार मुंबईतच करावी लागेल का?

मल्टीमीटर:
मी स्वतः साताऱ्यात दुरुस्तीचे दुकान चालवतो, म्हणून आधी दुकानदाराची बाजू सांगतो. बोर्डवरील ३.३ व्होल्टच्या लाइनमध्ये दोष आला तर त्याच लाइनवर चालणारी एसएसडी जळू शकते. कधी तर एसएसडीच शॉर्ट झालेली असते आणि ती काढताच बोर्ड जिवंत होतो. तेव्हा त्याचे म्हणणे अगदीच अशक्य कोटीतले नाही. मात्र एसएसडी खराब निघाली तर काम थांबवून गिऱ्हाईकाला फोन करायचा, नव्या भागाची किंमत सांगायची आणि जुना भाग पिशवीत घालून परत द्यायचा, हा या धंद्यातला साधा रिवाज आहे. चालू स्थितीतल्या ५१२ जीबी एसएसडीला बाजारात चांगला भाव मिळतो, त्यामुळे ‘भंगारात गेली’ या उत्तरावर माझा तरी विश्वास बसत नाही.

आता दोन गोष्टी लगेच पाहा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाकून बसवलेली एसएसडी किती तास चालली आहे आणि तिच्यावर एकूण किती डेटा लिहिला गेला आहे ते तपासा व त्या पडद्याचे छायाचित्र ठेवा. दुसरे असे की, विंडोज ११ असलेल्या आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर एन्क्रिप्शन, म्हणजे डेटा सांकेतिक रूपात कुलूपबंद ठेवण्याची सोय, आपोआप चालू असते. तुमच्या खात्यात त्या लॅपटॉपची बिटलॉकर रिकव्हरी की (ते कुलूप उघडणारा क्रमांक) दिसत असेल, तर जुनी एसएसडी दुसऱ्या यंत्राला लावूनही त्या कीशिवाय कागदपत्रे उघडणार नाहीत, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येईल. तरीही ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड आजच बदला.

कलमबहाद्दर:
तक्रार मुंबईत करण्याची सक्ती नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, म्हणजे तुम्हाला ठाणे जिल्हा चालेल. मुदत घटनेपासून २ वर्षांची आहे, ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे हे या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे सेवेतील त्रुटीतच मोडते. तुम्हाला न विचारता भाग बदलला आणि तो कोणता हे बिलात लिहिले नाही, हा तुमच्या तक्रारीचा कणा राहील.

लॅपटॉप अडवून ठेवण्याबाबत एक खुलासा. केलेल्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवण्याचा हक्क कारागिराला १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७० ने दिलेला आहे, पण तो देय मोबदल्यापुरता. ठरले होते साडेसहा हजार. वरच्या साडेचार हजारांना तुमची संमतीच नव्हती.

छापील ओळीचे उत्तर मात्र एका प्रश्नावर अवलंबून आहे: त्या पावतीवर तुमची सही आहे का? भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सही केलेल्या कुरिअर पावतीवरील मर्यादेची अट ग्राहकावर बंधनकारक मानली होती. सही नसेल तर तुमची बाजू बरीच भक्कम होते. आणि सही असली तरी ती अट फार तर डेटा पुसला जाण्याबद्दल आहे. वस्तूच परत न करण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

शंकेखोर:
साडेचार हजारांसाठी आयोगाच्या तारखा घ्यायच्या का, याचा आधी विचार करावा, असे मला वाटते. शिवाय लॅपटॉप व्यवसायाचा होता, म्हणून तुम्ही ‘ग्राहक’च नाही, असा बचाव समोरून येईल.

कलमबहाद्दर:
तो बचाव येईल हे खरे, पण केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी प्रयोजनातून स्पष्टपणे वगळली आहे. घरून एकट्याने हिशेब लिहिणारा त्यात बसतो. तारखांबद्दल सहमत आहे, म्हणूनच आयोग ही शेवटची पायरी. आधी स्पीड पोस्टने पत्र पाठवून जुनी एसएसडी, तपशीलवार बिल आणि जादा घेतलेली रक्कम १५ दिवसांत मागा. नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवा. ती निकाल देत नाही, समोरच्याशी संपर्क साधून तडजोडीचा प्रयत्न करते. लहान रकमेच्या वादात तेवढेही पुष्कळदा पुरते.

डोंबिवलीकर:
सर्वांचे आभार. पावतीवर माझी सही नाही. बिटलॉकरची की खात्यात दिसली, त्यामुळे मोठी चिंता मिटली. ‘नवी’ म्हणून बसवलेली एसएसडी मात्र आठ हजारांहून अधिक तास चाललेली निघाली; छायाचित्र काढून ठेवले आहे. पत्राचा मसुदा आज लिहितो.

मल्टीमीटर:
मग पत्रात त्या एसएसडीचा अनुक्रमांक आणि तासांचा आकडा दोन्ही लिहा. लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावर यंत्राचा क्रमांक टाकून कारखान्यातून निघतानाची मूळ जोडणी दिसते का तेही पाहा. दिसली तर ५१२ जीबीचा पुरावा म्हणून तिची प्रत सोबत जोडा. आणि निकाल लागेपर्यंत ती एसएसडी बदलू नका, कुणाला उघडूही देऊ नका.